अप्पांचे तीन हजार एकशे बारा शब्द

५ जानेवारी

प्रिय,

नुसतं ‘प्रिय’ लिहून थांबलो आहे. पुढे लाडाचं नाव लिहिलं तर तू तिथंच पत्र फाडशील, आणि खरं नाव लिहिलं तर मलाच शाळेच्या दाखल्यासारखं वाटेल.

अप्पा बरे आहेत. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण या एका ओळीसाठीच तू पाकीट उघडलं असणार. गुडघा दुखतो, तो तू असतानाही दुखायचा. जेवण नीट आहे. सकाळी माझ्याबरोबर गोदामात येतात, संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतात. मुलगी घर सोडून गेली तरी जावयाच्या घरात राहणारा सासरा म्हणून शेजारचे हसतात, पण आम्हा दोघांचं बरं चाललं आहे. माझा फोन तू घेत नाहीस, नंबर अडवून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र.

शनिवारी तू ऑफिसच्या फोनवर त्यांच्याशी बोललीस तेव्हा मी शेजारीच उभा होतो. सहा महिने रजा नाही, एप्रिलात क्वार्टर मिळेल, मग तुम्हाला घेऊन जाते, असं तू म्हणालीस. ते म्हणाले, “माझा जावई आहे ना इथं. तू आधी तिथं बस्तान बसव.” ऐकलंस ना? माझ्याबद्दल चांगलं बोलणारं तुझ्या माहेरी एक तरी माणूस आहे.

तुझ्या नोकरीच्या त्या नेमणूकपत्राबद्दल शेवटचं लिहितो, मग तो विषय बंद. एकवीस दिवस ते माझ्या कपाटात होतं, हे खरं. पण मी ते लपवलं नव्हतं. जपून ठेवलं होतं. योग्य वेळ बघून तुझ्या हातात देणार होतो. तू माझं कपाट उघडलंस, यात माझा काय दोष?

आता कामाचं. मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. आपल्या गोदामात पंपांचे, इंजिनांचे, गिरण्यांचे एकसष्ट हजार सुटे भाग आहेत, आणि कुठला कुठे ठेवला आहे हे चाळीस वर्षं एकाच डोक्यात आहे. त्या डोक्याला तू अप्पा म्हणतेस. गिऱ्हाईक काउंटरवर येतं, “तो अमका द्या हो, रडतोय तो,” असं म्हणतं, आणि आपला स्टोअरकीपर बरोबर तो भाग आणून देतो. बाई म्हणाल्या, “हे तो माणूस असेपर्यंत ठीक. नंतर? पलीकडच्या दुकानानं वेबसाइट काढली आहे, लोक घरबसल्या शोधतात. तीन महिन्यांत आपलंही तसं करा. जमत नसेल तर आजच सांगा, मी दुसरा माणूस बघते.”

अकरा वर्षांत बाई माझ्याशी इतकं सलग पहिल्यांदाच बोलल्या. मी जमेल म्हणून सांगून टाकलं. कसं, ते अजून मला माहीत नाही.

तुझाच (हे तू खोडून टाकशील, माहीत आहे)

*

२१ जानेवारी

अगं,

मला उत्तर नाही, पण अप्पांना कार्ड आलं. त्यांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून मीच वाचून दाखवलं. शेवटी ‘त्याला यातलं काही सांगू नका’ असं लिहिलं आहेस, तेही मोठ्यानं वाचलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. निदान मी तरी.

खातं उघडलं. सर्च सर्व्हिस म्हणतात तिला. आपल्या मालाची यादी दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकांवर चढवायची, ते संगणक कुठे आहेत हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि गिऱ्हाइकानं शब्द टाकला की उत्तर तिकडून येतं. अप्पांना म्हटलं, “हे सगळं आता ढगावर राहणार.” ते म्हणाले, “म्हणजे पाऊस आला की माल डोक्यात पडणार?”

मी हे आयुष्यात पहिल्यांदा करतो आहे, हे बाईंना सांगितलेलं नाही. पहिला दिवस नाव देण्यातच गेला. त्यात इंग्रजी मोठी अक्षरं चालत नाहीत, पण तसं कोणी सांगत नाही, नुसती चौकट लाल होते. मग इंडेक्स बनवायचा. कुठल्या रकान्यात शोधायचं, कुठला नुसता दाखवायचा, कशानं क्रम लावायचा, प्रत्येकापुढे टिक. एक टिक चुकली की सगळं पुसायचं आणि एकसष्ट हजार नोंदी पुन्हा चढवायच्या. मी पाच वेळा चढवल्या. दोन चाव्या मिळतात, म्हणजे अक्षरांच्या लांबलचक रांगा. गिऱ्हाइकाच्या चावीनं नुसतं बघता येतं, दुसरीनं काहीही बदलता येतं, पुसता येतं. दुसरी फक्त माझ्याकडे आहे. बाईंकडेही नाही. तुला मी नेहमी कुणाच्या तरी हाताखालचा वाटायचो, म्हणून मुद्दाम लिहितो.

शेवटी चाललं. मी अप्पांना शेजारी बसवलं आणि पहिला शब्द टाकला, ‘पंखा’. क्षणात उत्तर आलं, ‘छताचा पंखा, ऑफिस, नादुरुस्त’. अप्पांना इतकं हसू आलं की ठसका लागला. “अहो जावई, आपल्याकडे पंखा म्हणजे पंपातला, पाणी फेकणारा! तुमच्या ढगाला कोणीतरी शिकवा.”

तिथून खरं काम सुरू झालं. यंत्राला एक समानार्थी शब्दांची यादी देता येते. कंपनीचं नाव एक, मेकॅनिकचं दुसरं, गिरणीवाल्याचं तिसरं, सगळी एका ओळीत लिहायची, म्हणजे कुठलंही टाकलं तरी तोच भाग सापडतो. आणि ती नावं कुठल्याही छापील कॅटलॉगात नाहीत. ती अप्पांकडे आहेत. ‘बेडूक’ म्हणजे विहिरीत सोडायच्या पाइपाच्या तळाची झडप. ‘रडका’ म्हणजे गळणारं सील. ‘छत्री’ म्हणजे झडपेवरची पाती, पण गिरणीवाला छत्री म्हणाला तर मोटरीवरचं झाकण. ‘सवत’ म्हणजे एकाच शाफ्टवर बसणारं दुसरं बेअरिंग, कारण दोघींचं कधी पटत नाही. हे सांगताना ते डोळे मिटतात आणि दोन बोटं हवेत फिरवतात, तो भाग बोटांनी चाचपल्यासारखी. एका दिवसात साठ शब्द झाले. ‘बेडूक’ दोनदा सांगितला, पाच मिनिटांच्या अंतरानं, दोन्ही वेळा नव्यानं हसून. म्हातारी माणसं.

मला ते आता ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात, सारखे प्रश्न विचारतो म्हणून. तूही त्यांना कधी इतके प्रश्न विचारले नसशील.

तुझा

*

१४ फेब्रुवारी

प्रिय,

दोन ओळी का होईना, मला लिहिल्यास. ‘अप्पांनी शनिवारी मला चार वेळा विचारलं की मी जेवले का. बरे आहेत ना? खरं लिही.’

खरं लिहितो. ऑफिसचा तो फोन जुना झाला आहे, त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की माणूस तेच तेच विचारतो. तरी तुझ्या समाधानासाठी या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांना दाखवून आणलं. मेंदूचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. म्हणाले, वय झालं. आता पासष्टीच्या पुढच्या माणसाला डॉक्टर दुसरं काय सांगणार?

हल्ली ते सकाळी जास्त ताजे असतात. म्हणून आम्ही शब्दांचं काम सकाळी सातलाच घेतो, घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी अंडी उकडतो, चहा करतो, फोनवर रेकॉर्डिंग लावतो आणि यादी घेऊन बसतो. साडेनऊपर्यंत शब्द छान निघतात. नंतर ते खिडकीतून बघत बसतात. मधूनच भलतीकडे जातात. परवा ‘सवत’वरून तुझ्या आईवर गेले. ती पहिल्यांदा गोदामात आली तेव्हा तिच्या ओढणीचं टोक सापडलं होतं म्हणे पट्ट्यात, आणि त्यांनी मशीन बंद करायच्या ऐवजी कात्रीनं ओढणीच कापली, मग सहा महिने ती बोलली नव्हती. वीस मिनिटं गेली त्यात. मी ऐकत होतो. खोटं नाही सांगत, थोडा वेळ खरंच ऐकत होतो. मला बाप नव्हता हे तुला माहीत आहे. मला नोकरीला लावणारे हेच, तुझ्याशी लग्न लावून देणारेही हेच. पण घड्याळात नऊ वाजले होते आणि त्या दिवसाचे तीस शब्द बाकी होते. मी म्हटलं, “अप्पा, पुढचा.”

ते म्हणाले, “हो, हो. विचारा साहेब.”

साहेब म्हणाले. चेष्टेनं.

मालकीणबाई आता मला ‘तुम्ही’ म्हणतात. काल इंजिनांचं अख्खं पान त्यांच्यासमोर शोधून दाखवलं. “हे तुम्ही केलंत?” असं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं. हे तुला सांगायचं होतं. सांगायला दुसरं कोण आहे?

एप्रिलात तू त्यांना नेणार म्हणतेस. माझं म्हणणं, घाई करू नकोस. इथं त्यांना काम आहे, मान आहे. तिथं तुझ्या क्वार्टरमध्ये ते दिवसभर भिंतीकडे बघत बसतील. त्यापेक्षा तूच ये. कपाटाची किल्ली तुझ्या हातात देतो, वाटल्यास कपाटच विकून टाकू.

तुझा

*

८ मार्च

बाईसाहेब,

तुमच्या वकिलांची घटस्फोटाची नोटीस मिळाली. घरच्या पत्त्यावर पाठवायला हवी होतीस. ऑफिसात आली, काउंटरवर तीन मेकॅनिक उभे होते, त्यांच्यासमोर सही करून घ्यावी लागली. मालकीणबाईंनी पाकिटावरचा शिक्का वाचला आणि आत गेल्या. सकाळपर्यंत मी त्यांचा ‘तुम्ही’ होतो.

चौथ्या परिच्छेदात ‘मानसिक छळ’ असा शब्द आहे. एका कागदावरून, एका कपाटावरून छळ! तुला हा शब्द वापरायची इतकी हौस आहे, तर तो शोभेल असं काहीतरी तुला द्यायला हवं. नीट बसून वाच.

अप्पा बरे नाहीत. फेब्रुवारीच्या दोन तारखेला डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. आठवण जाते आहे, आणि परत येणार नाही. म्हणाले, “मुलगी आहे ना? तिला बोलवा. गोळ्या लगेच सुरू करा, त्यानं बरं होत नाही पण जाण्याचा वेग कमी होतो. आणि डोक्याला ताण देऊ नका.” सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद कुठे असेल, ते तू ओळखलंच असशील.

गोळ्या मी आणल्या. एक दिवस दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अकरापर्यंत गुंगी होती. सकाळ हीच तर कामाची वेळ. एक दिवस बुडाला, शब्द चार झाले. मी पाकीट वरच्या फळीवर ठेवून दिलं. म्हटलं, यादी संपली की सुरू करू.

तेव्हापासून रोज सकाळी सात ते साडेनऊ. जे जाणारच आहे ते आधी काढून घ्यायचं, एवढाच विचार केला. घर पडायला आलं की माणूस सामान बाहेर काढतोच. दोन हजार नऊशे शब्द झाले आहेत. कधीकधी एक शब्द यायला त्यांना दहा मिनिटं लागतात. बोटं हवेत फिरतात, भाग हाताला लागतो, नाव लागत नाही. मग रडतात. मी थांबतो, आणि पुन्हा विचारतो. पुन्हा विचारलं की येतं बहुतेक वेळा.

रेकॉर्डिंग ठेवलेली नाहीत. फोनमध्ये जागा उरत नाही, म्हणून त्यातले भागांचे शब्द उतरवून घेतो आणि संध्याकाळी पुसतो. तुझ्या आईच्या गोष्टी होत्या त्यांत, तुझ्या लहानपणच्याही असाव्यात. मला आता सांगता येणार नाहीत.

आणि शनिवारचे फोन. तुला वाटतं तुझा बाप तुझ्याशी बोलतो. त्याच्या हातात चिठ्ठी असते. मी लिहून देतो. ‘जेवलीस का विचारा. गुडघा बरा आहे म्हणा. नोकरी कशी आहे विचारा. काळजी करू नकोस म्हणा.’ चार ओळी. चौथ्या ओळीवर आले की पुन्हा पहिलीवर जातात, म्हणून तर तुला चार वेळा जेवलीस का विचारलं. गेल्या महिन्यापासून चिठ्ठीच्या वर तुझं नावही लिहितो, मोठ्या अक्षरात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या तोंडची. डॉक्टरांकडून येताना बसमध्ये माझा हात धरून म्हणाले, “तिला इतक्यात कळवू नका. नोकरी नवी आहे. ती आली तर परत जाणार नाही, मी ओळखतो तिला.” मी वचन दिलं. इतकं सोपं वचन मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

मंगळवारी त्यांनी मला काय विचारलं ते सांगतो आणि संपवतो. “साहेब, दर शनिवारी जी बाई फोन करते, ती कुठल्या कंपनीची हो? माल तर काही मागत नाही.”

आता लिही छळ. चौदा तारखेला आपली सर्च सर्व्हिस सुरू होते आहे. तोवर मला दोनशे शब्द हवेत. नंतर तुझा बाप तुझा.

*

१६ मार्च

तू अप्पांना घेऊन निघून गेल्यावर घरात एकही आवाज नाही. म्हणून लिहितो. पाठवेन की नाही ठरवलेलं नाही. तू वाचते आहेस म्हणजे पाठवलंच.

तू दारात कधी येऊन उभी राहिलीस ते मला कळलं नाही. गर्दी होती. मालकीणबाईंनी मोठा पडदा लावला होता, वीसेक मेकॅनिक, चार गिरणीवाले, सगळ्यांना खुर्च्या. अप्पांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नवा शर्ट मीच घातला होता त्यांना. बटणं वरखाली लागली होती हे नंतर तू नीट केलंस तेव्हा दिसलं.

बाई बोलल्या. चाळीस वर्षांची सेवा, आता आराम, असं काहीतरी. अप्पांना घड्याळ दिलं. अप्पा निवृत्त होणार हे मला दहा दिवस आधीच माहीत होतं, त्यांना सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता आणि सांगायचं मनातही नव्हतं. त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं आणि शेजारच्या माणसाला विचारलं, “हे कुणाचं?”

मग मी पडद्यासमोर गेलो. म्हटलं, कुणीही काहीही मागा, तुमच्या भाषेत मागा. मागून एक जण ओरडला, “रडका, जुन्या तीन नंबर पंपाचा!” मी टाकलं. फोटो, नंबर, रॅक, खण, सगळं आलं. टाळ्या. दुसरा म्हणाला, “छत्री, गिरणीची!” गिरणीचीच आली. “सवत!” म्हणून कुणीतरी ओरडलं, सगळे हसले, आणि तीही आली.

अप्पा उभे राहिले. पडद्याजवळ गेले. बोट लावून बघितलं. मग बाईंकडे वळले आणि अगदी स्वच्छ आवाजात, काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, “हा माणूस कोण आहे बाई? याला सगळं माहीत आहे. चांगला माणूस आहे. याला जाऊ देऊ नका.”

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतो. बाईही हसल्या. मीही हसलो. नाही हसलं ते फक्त एक माणूस, दारात, खांद्यावर बॅग अडकवून.

मला वाटलं होतं तू आरडाओरडा करशील. मी तयारीत होतो. तू अप्पांचा हात धरलास, त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढंच. घरी आल्यावर त्यांचे कपडे भरताना तू विचारलंस, “गोळ्या कुठे आहेत?”

मी फळी दाखवली.

“किती शब्द झाले?”

“तीन हजार एकशे बारा,” मी म्हटलं. आणि मला त्या वेळीही अभिमान वाटला. तो माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण तू थांबून बघितलंस.

“आणि गोळ्या किती दिल्यास?”

तू पाकीट उघडून माझ्यासमोर मोजल्यास. एकच कमी होती.

मी म्हटलं, “मी सांभाळलं त्यांना सहा महिने. तू नव्हतीस.” हे म्हणणं चुकीचं नाही. तू खरोखरच नव्हतीस. तू त्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसलीस. मला ते बोलणं लागलेलं बघायचं होतं. लागलं. तुझा हात थांबला तेव्हा मला दिसलं. बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं, आणि दोन्ही मी तुला लिहून कळवतो आहे.

जाताना दारात अप्पांना तू विचारलंस, “यांना ओळखलंत?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “हा ना? प्रश्न विचारतो.”

*

३० जुलै

घटस्फोटाच्या कागदांवर सही करून ते मागच्या महिन्यात पाठवले. मिळाले असतील. परवा तुझ्या दारात मी का आलो होतो ते लिहायचं राहिलं आहे. लिहिलं नाही तर तू तुझ्या मनानं काहीतरी ठरवशील, आणि ते माझ्या बाजूचं असेल, इतकी तू अजून भोळी आहेस.

इथलं आधी सांगतो. सर्च सर्व्हिस चालू आहे. लोक घरून शोधतात, काउंटरची फळी काढून टाकली. मेकॅनिक आता जास्त बोलत नाहीत, फोनवर बघून खणाचा नंबर सांगतात आणि भाग घेऊन जातात. मी त्याच खोलीत बसतो. पहिले दोन महिने बाई खूश होत्या. मग मला एक जागा सापडली, तिथं यंत्र दर आठवड्याला यादी देतं. लोकांनी शोधलं, पण सापडलं नाही, असे शब्द. पहिल्या आठवड्यात अकरा होते. मग वाढत गेले. लांबच्या गावांतले लोक आता शोधायला लागले आहेत, त्यांची नावं निराळी. ‘कोंबडा’. ‘मुका’. ‘लंगडीचा जोडीदार’. काय असेल मुका? मी तीन जुन्या मेकॅनिकना विचारलं, तिघांनी तीन भाग दाखवले. ती यादी बाईंच्या टेबलावर गेली. बाई मला पुन्हा ‘तू’ म्हणायला लागल्या आहेत. त्यांनी पुसायची चावीही मागून घेतली. म्हणाल्या, “हे सगळं त्या म्हाताऱ्याचं होतं, तुझं नव्हतं, हे मला आधी कळायला हवं होतं.”

शनिवारी गाडी पकडली. नोटिशीवर तुझा पत्ता होता.

दुसरा मजला, डावीकडचं दार. बाहेर चपलांचे दोन जोड, एक त्यांचा. दाराला आतून वर एक जास्तीची कडी बसवून घेतली आहेस, दार उघडल्यावर दिसली, ते बाहेर जाऊ नयेत म्हणून असणार. पण त्या दिवशी ती लावलेली नव्हती. मी बेल वाजवली नाही, बोटानं टकटक केलं. त्यांनीच उघडलं.

चांगले दिसले. दाढी केलेली, शर्टाची बटणं सरळ. वजन थोडं वाढलं आहे. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात समोर टेकवले. दारात टेकवायला काही नाही, तरी टेकवले, काउंटरवर टेकवायचे तसे.

“बोला. काय पाहिजे?”

मी ‘अप्पा’ म्हणणार होतो.

“नंबर माहीत नसेल तर राहू द्या,” ते म्हणाले. “कसा दिसतो ते सांगा. कुठे बसतो ते सांगा. घाई नाही.”

इतक्या प्रेमानं माझ्याशी कोणी बोलल्याला किती दिवस झाले ते मी मोजलेलं नाही. मी नुसता उभा राहिलो. आतून तुझा आवाज आला, “अप्पा, कोण आहे?”

ते मान वळवून म्हणाले, “गिऱ्हाईक आहे गं. काय पाहिजे ते सांगता येत नाहीये त्याला.”

तू बाहेर आलीस. हात ओले होते तुझे. तू मला बघितलंस आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच आलं नाही, राग पण नाही. तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “अप्पा, यांचं आपल्याकडे काही नाही.”

“असं?” त्यांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. “माफ करा हां. दुसरीकडे बघा.”

मग दार लागलं. वरची कडी लावल्याचा आवाज मी ऐकला.

तुला वाटलं असेल, मी माफी मागायला आलो होतो आणि मला ती मागता आली नाही. जिन्यात मलाही थोडा वेळ तसंच वाटलं. पण माझ्या बॅगेत घडी केलेला कागद होता, यंत्राला न सापडलेल्या चौऱ्याहत्तर शब्दांचा, प्रत्येकापुढे रिकामी जागा सोडलेला, आणि खिशात पेन. बाईंनी पाठवलं नव्हतं. मी आपणहून आलो होतो. फोनही पूर्ण चार्ज करून आणला होता.

शनिवारी दुपारी तू बाजाराला जातेस असा माझा अंदाज होता. तो चुकला. तू घरी नसतीस तर मी त्यांना आत नेऊन टेबलापाशी बसवलं असतं, आणि पहिल्या शब्दापासून विचारलं असतं.

आणि त्यांनी सांगितलंही असतं.